गोव्याच्या सवयी घरी ठेवून: थर वाळवंटातल्या सायकल-सहलीचे अनुभव

दिवाळी सरली की थरला सायकलनं जायचे बेत शिजायला लागतात. जाऊन आलेल्यांनी इथं लिहावं, अशी विनंती. ‘मजा आली’ एवढ्यावर थांबू नका. काय न्यायचं, किती न्यायचं, काय मोडतं आणि का मोडतं ते लिहा. आपल्या दमट हवेत अंगवळणी पडलेली कुठली गोष्ट तिथं उलटी पडते, हे आलं तर फार उपयोग होईल.

मडगावहून

आधी दिशा ठरवा, मग तारखा. हिवाळ्यात तिथला वारा बहुतेक उत्तर-ईशान्येकडून येतो. म्हणून बिकानेरहून निघून जैसलमेरला संपवा, उलट नको. कोलायत, फलोदी, रामदेवरा, पोखरण, लाठी अशी ही वाट साधारण ३३० किलोमीटरची आहे. नवख्या गटानं पाच दिवस धरावेत. कोलायत ते फलोदी हा टप्पा शंभराच्या वर जातो, त्या दिवशी उजाडताच निघा. फलोदीला अर्धा दिवस राखून ठेवला तर जवळच्या खिचनला कुरजा पक्ष्यांचे थवे बघता येतात. तो अर्धा दिवस वाचवू नये असं माझं ठाम मत आहे.

सायकल रेल्वेनं पार्सल करणार असाल तर गाडी न बदलता जाता येईल असंच आरक्षण करा. मध्ये गाडी बदलली की माणूस पुढं जातो आणि सायकल फलाटावर राहते. मडगावला गाडी फार वेळ थांबत नाही, त्यामुळे पार्सलचं काम आदल्या दिवशी उरका. हँडल आडवं करून बांधा, हवा निम्मी सोडा, पेडल काढा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं सैल होतं. सगळा जोर चुकीच्या बाजूला लावून क्रँकचे (पेडलच्या दांड्याचे) आटे खराब झालेले पुष्कळ पाहिलेत. मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) हँगरसकट, म्हणजे तो ज्या तुकड्यावर टांगलेला असतो त्यासकट, सोडवून चौकटीच्या आत बांधा. हँगर वाकला तर तुमच्याच मॉडेलचा तुकडा बिकानेरात मिळेलच असं नाही. जास्तीचा एक सोबत असू द्या.

डिचोलीहून, दुरुस्तीचं काम करतो

आपल्याकडे पावसापासून वाचवायला साखळीला दाट ओलं तेल घालतात. तेच तेल थरमध्ये साखळी खातं. वाळूचा बारीक कण तेलात बसला की पिन आणि रोलर यांच्यामध्ये पॉलिश पेपर फिरल्यासारखं होतं. साखळी मेणातून काढून न्या.

साखळी काढून टर्पेंटाइनमध्ये हलवत धुवा. द्रव स्वच्छ निघेपर्यंत तीन-चार वेळा तरी बदलावा लागतो. पूर्ण वाळवा. अर्धा किलो पॅराफिन मेण एका डब्यात घेऊन तो डबा उकळत्या पाण्याच्या टोपात ठेवा. मेण थेट आगीवर कधीच नको, पेट घेतं. वितळलेल्या मेणात साखळी दहा मिनिटं बुडवून हलवत राहा. आतून बुडबुडे यायचे थांबले की मेण आतपर्यंत पोचलं. बाहेर टांगून गार करा. काठीसारखी ताठ होईल, एकेक कडी वाकवून मोकळी करा. कोरड्या रस्त्यावर साधारण ३०० किलोमीटर निघतात, म्हणजे बिकानेर-जैसलमेर जवळपास पुरतं. पुढं सीमेजवळच्या तनोटला जायचं असेल तर मेणाच्या थेंबांची लहान बाटली घ्या. रात्री घाला, सकाळी चालवा. घालून लगेच निघालात तर वाटेतली वाळू चिकटते.

दुसरं, सीटपोस्ट (बैठकीची दांडी) आणि पेडल निघायच्या महिनाभर आधी एकदा उघडून बघा. गोव्यात दोन पावसाळे काढलेल्या सायकलीत हे भाग गंजून धरतात. आटे साफ करून आतून ग्रीस लावा. ग्रीस आत, बाहेर काहीही ओलं नको.

फोंड्याहून

काट्यांचं नीट समजून घ्या. भुरट गवताची गोंडं मोज्यात आणि बोटांत रुततात, टायरला फारसं करत नाहीत. टायरचा वैरी गोखरू आणि विलायती बाभूळ. रस्त्याकडेला थांबताना सायकल डांबरावरून खाली ढकलली की काम झालं. थांबायचं असेल तेव्हा सायकल उचलून न्या.

ट्यूबलेस असेल तर ७०० बाय ४० च्या टायरला ६० मिली आणि २९ बाय २.२ ला सुमारे १०० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घाला, तेही निघायच्या आठवड्यात. कोरड्या हवेत ते लवकर आटतं. काटा दिसला म्हणून वाटेत उपटू नका, तोच बूच असतो. मुक्कामी पोचल्यावर काढा आणि भोक खाली येईल असं चाक फिरवून मिनिटभर ठेवा. हवेसाठी पंपच वापरा. कार्बन डायऑक्साइडच्या नळीनं बऱ्याच लेटेक्स सीलंटच्या आतल्या आत गुठळ्या होतात.

पेडण्याहून

फोंड्याहून लिहिणाऱ्यांशी एका बाबतीत सहमत नाही. चारजणांच्या गटात ट्यूब बऱ्या. ट्यूबलेस टायर रिमवरून सुटला तर हातपंपानं परत बसत नाही आणि मोठा कॉम्प्रेसर जवळच्या गावात असेल असं नाही. ट्यूब असली की कुठल्याही मोटरसायकलवाल्याकडे काम भागतं. मात्र प्रेस्टा व्हॉल्व्हवर लावायचा पितळी अडॅप्टर प्रत्येकाकडे हवा, तिथल्या पंपाच्या नळीला हा बारीक व्हॉल्व्ह बसत नाही. माणशी दोन ट्यूब, गटात वीस पॅच आणि ते चिकटवायच्या सोल्यूशनच्या तीन न उघडलेल्या छोट्या नळ्या. एकदा उघडलेली नळी चार दिवसांत सुकते.

पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट फिरवू नका, मोजा हातात घालून फिरवा. काट्याचं टोक मोज्याचा धागा ओढतं, तिथं थांबायचं. बाभळीचा काटा आत मोडून राहिला तर बाहेरून काही दिसत नाही आणि नवी ट्यूब पाच किलोमीटरवर बसते. चिमटा न्याच.

हवा पहाटेच्या गारठ्यात काठोकाठ भरू नका. दुपारपर्यंत तीन ते पाच पीएसआय आपोआप वाढतात.

वाळपईहून

घामाविषयी लिहिते, कारण आपली माणसं इथंच फसतात. गोव्यात घाम गळतो, म्हणून पाण्याची आठवण राहते. थरमध्ये तो अंगावरच उडून जातो, कपडे कोरडे राहतात आणि तहान उशिरा लागते. खूण एकच, बनियनवर आणि टोपीच्या पट्टीवर मिठाच्या पांढऱ्या रेषा. त्या दिसल्या तर तुम्ही पाणी पिण्यात मागे पडलात. हिवाळ्यातही ताशी अर्धा ते पाऊण लिटर घोट-घोट प्या. स्वयंपाकासकट माणशी सहा ते आठ लिटरचा हिशेब धरा.

नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ, हे कुठंही जमतं. घरचं भिरंडाचं (कोकमाचं) आगळ नेलंत तर लिटरला दोन टेबलचमचे घ्या. त्यात मीठ आधीच असतं, म्हणून वरून घालू नका, साखर मात्र घाला.

ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं. रात्री नाकपुडीला आतून तूप किंवा खोबरेल लावा. खोबरेल अरुंद तोंडाच्या बाटलीत नेऊ नका. २४ अंशांखाली ते थिजतं आणि पहाटे तिथं आठ-दहा अंश असतात. रुंद तोंडाची डबी घ्या.

सुकी सुंगटं, सुके बांगडे घरी ठेवा. रामदेवरा आणि तनोटच्या धर्मशाळांत मांस-मासळी चालत नाही.

काणकोणहून

चढाच्या सरावासाठी चोर्ला घाट मारून थर जमत नाही. तिथं चढ नाही, पण पाय थांबवायलाही मिळत नाही. समोरच्या वाऱ्यात ताशी २० चा वेग १२ वर येतो. सराव हवा तर दुपारी समुद्रावरून वारा सुटतो तेव्हा एकाच गिअरवर, न थांबता दोन तास चालवा.

वाऱ्यात पुढं राहायची पाळी पाच मिनिटांची ठेवा. दमल्यावर बदलायचं असं ठरवलं की तगडा गडी वीस मिनिटं ओढतो आणि दुपारी बसतो. बाजूचा वारा असेल तर तिरकी रांग करायचा मोह होतो. त्या रस्त्यावर ट्रक जोरात येतात, दोनाहून जास्त आडवे नकोत. ट्रक शेजारून गेला की आधी वारा तुटतो आणि लगेच परत आदळतो, तेव्हा हँडल दोन्ही हातांत हवं. दर दहा किलोमीटरला सगळे एकत्र या. आणि हत्यारं एकाच्याच पिशवीत ठेवू नका. पंप शेवटच्याकडे असू द्या, पंक्चर झालेला मागेच राहतो.

सावईवेऱ्याहून

जैसलमेर ते रामगढ साधारण ६० किलोमीटर, तिथून तनोट तेवढंच. रामगढच्या पुढं पाण्याची खात्री धरू नका, तिथंच सगळ्या बाटल्या भरा. तनोटच्या देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहतं. ओळखपत्र मूळ हवं. उपग्रहावर चालणारं संदेशयंत्र परवानगीशिवाय जवळ ठेवणं बेकायदेशीर आहे, ते घरीच राहू दे. इंदिरा गांधी कालव्यात अंघोळीला उतरू नका. काठ सिमेंटचे, उतरते आणि शेवाळलेले असतात, बाहेर येता येत नाही.

सरपणासाठी खेजडीच्या झाडाला हात लावू नका. खेजडी वाचवताना १७३० साली खेजडली गावात ३६३ बिश्नोई माणसांनी प्राण दिले. त्या मुलखात कुऱ्हाड काढण्यापूर्वी हे माहीत हवं. रेल्वेत गॅसचा डबा नेता येत नाही, म्हणून दोन वेळचं जेवण ढाब्यावर धरूनच बेत करा.

तंबू टेकड्यांच्या मधल्या खळग्यात नको, थंड हवा रात्री तिथं साचते. साधे खुंटे वाळूत धरत नाहीत. पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून हातभर खोल पुरा. उघड्यावर झोपू नका. फुरसं आपल्या ओळखीचं आहे, पण तिथं पीवणाही आहे. तो मण्यारच्या कुळातला, रात्री झोपलेल्या माणसाला चावतो, आणि चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही. तंबूची चेन पूर्ण ओढा, सकाळी बूट उलटे करून आपटा. जाग आल्यावर पापण्या जड वाटल्या, गिळता येईना, तर जखम शोधत बसू नका. थेट जैसलमेरचं जिल्हा रुग्णालय गाठा.

परत डिचोलीहून

कॅरिअरचे एम५ बोल्ट राहिले होते. खडबडीत रस्त्यावर ते तिसऱ्या दिवशी सैल होतात. निघण्यापूर्वी आट्यांना निळं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावा, रोज संध्याकाळी पाना फिरवा, चार जास्तीचे बोल्ट आणि दहा झिप-टाय ठेवा. मागच्या चाकाचे, गिअरच्या बाजूचे तीन स्पोक चौकटीला टेपनं चिकटवून न्या. तेच आधी तुटतात आणि ते घालायला कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) काढायचं हत्यार लागतं, ते विसरू नका.