तृतीयांशाचा नियम दोघांना बाहेर आणतो का?

अथांग
कर्नाटकातल्या नेत्राणी बेटापाशी समुद्रात डाइव्ह करताना काही बिघडलं तर निदान वर यायची वाट मोकळी असते. पाण्याखालच्या गुहेत वर खडक. आधी आडवं बाहेर या, मगच वर. म्हणून गॅसचा तृतीयांशाचा नियम: एक हिस्सा आत जायला, एक परत यायला, एक राखीव. गुहांमध्ये डाइव्ह करणारे शेक एक्सली यांनी फ्लोरिडातल्या गुहांमधल्या मृत्यूंची छाननी केली, तेव्हा गुहेच्या तोंडापर्यंत अखंड दोर नसणं आणि झेपेल त्याहून खोल जाणं यांच्या जोडीला हा नियम मोडणं हे ठळक कारण निघालं. नियमाबद्दल मला आदर आहे. पण यंदा कोर्स करताना वहीत हिशोब मांडला आणि झोप उडाली.

समजा मी आणि जोडीदार, दोघांच्याही पाठीवर १२ लिटरच्या दोन-दोन टाक्या, २०० बार दाबाने भरलेल्या. म्हणजे प्रत्येकी ४८०० लिटर गॅस. पाण्याबाहेर श्वासाला मिनिटाला २० लिटर लागतात, ३० मीटरवर दाब चौपट म्हणून ८०. तिसरा हिस्सा १६०० लिटर, म्हणजे आत २० मिनिटं. अगदी वळायच्या क्षणी जोडीदाराचा सगळा गॅस गेला असं धरा. माझ्याकडे ३२०० उरलेत. दोघांना मिनिटाला १६०, वीस मिनिटांचे ३२००. तोंडाशी पोचताना टाकी रिकामी, आणि तीही दोघं शांत असलो तर! घाबरून श्वास ३० लिटरवर गेला तर मिनिटाला २४० जातात. तेरा मिनिटांत खेळ संपला, सात मिनिटांची वाट बाकी.

म्हणून माझं मत: हिशोब गुहेच्या टोकापासून उलटा, दोघांसाठी, घाबरलेल्या श्वासाने करावा. वरच्या उदाहरणात तो बरोबर चौथा हिस्सा येतो. १३३ बारला नाही, १५० बारला वळायचं.

झरेकरी
असहमत. मी फ्लोरिडात राहतो, बहुतेक डाइव्ह गिनी स्प्रिंग्जला. तिथे पाणी गुहेतून बाहेर जोरात येतं. आत जाताना खडक धरधरून पुढे सरकायचं, येताना प्रवाहच आणून सोडतो. तुमची 'परतीची वीस मिनिटं' तिथे वीस राहतच नाहीत.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तृतीयांश डोक्यात बसतो. थंडीने बोटं आखडलेली असताना, दिवा बंद पडल्यावरसुद्धा आठवतो. आकडेमोड करणारा माणूस एकदा आकडा कडक लावतो, दहा डाइव्ह सुखरूप झाले की श्वास २० ऐवजी १६ धरतो आणि तेवढंच आत जातो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यातला एक माझा जवळचा मित्र होता.

सेनोटची
झरेकरी, तुमच्या झऱ्यासाठी पटतं. पण अथांगनी कोर्स कुठे केला ते सांगितलं नाही. माझी चार वर्षं मेक्सिकोतल्या तुलुमच्या आसपास गेली. इथे प्रवाह जेमतेम. गोडं आणि खारं पाणी मिळतं त्या थरात सगळं तेल ओतल्यासारखं धूसर होतं. एक चुकीची फिन लागली की तळाचा गाळ उठतो आणि स्वतःचा हातही दिसत नाही. अशा वेळी एका हातात दोर, दुसरा जोडीदाराच्या दंडावर, तोंडात त्याच्या लांब होजचा रेग्युलेटर. आत वीस मिनिटं लागली तर बाहेर तीसही लागतील. आणि पाणी आत ओढणारी गुहा असेल, तर जाताना फुकट मिळालेला वेग येताना व्याजासकट फेडावा लागतो. तिथे चौथा हिस्साही मला जास्त वाटतो, मी सहावा घेते.

हाल्डेनचा नातू
तिघंही तोंडापर्यंत येऊन थांबलात. पुढे डेको आहे की, म्हणजे शरीरात विरघळलेल्या गॅसचे बुडबुडे होऊ नयेत म्हणून वर येताना घ्यायचे थांबे! समजा ६ मीटरवर शुद्ध ऑक्सिजनचा थांबा २० मिनिटांचा आहे. आत ती टाकी नेत नाहीत, ३० मीटरवर चुकून तोंडात गेली तर ऑक्सिजनचा दाब ४ बार होऊन झटके येतील. म्हणून ती ६ मीटरवरच दोराला अडकवलेली. ती गळून रिकामी झाली तर? पाठीवरच्या गॅसवर तोच थांबा, समजा, ४० मिनिटांचा झाला: १.६ बार, मिनिटाला ३२ लिटर, एकूण १२८० लिटर. राखीव तृतीयांश जवळपास तिथेच संपला. 'ग्रेडियंट फॅक्टर (थांबे किती सावध धरायचे ते ठरवणारे दोन आकडे) ३०/७० लावला, आता सुरक्षित' म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की थांबे वाढले की गॅसही वाढतो. शिवाय त्यातला पहिला आकडा लहान ठेवून पहिला थांबा खोल नेण्यात फायदा नाही, असं अमेरिकी नौदलाच्या २०११ च्या अहवालातून दिसलं. एकूण डेको सारखाच, १७४ मिनिटांचा, तरी खोल थांब्यांच्या गटात डिकम्प्रेशनचा आजार जास्त जणांना झाला.

झरेकरी
जोडीदाराचा गॅस जाणं आणि ऑक्सिजनची टाकी गळणं, दोन्ही एकाच दिवशी? असं धरत गेलात तर प्रत्येकी सहा टाक्या लागतील. जितक्या टाक्या तितके व्हॉल्व्ह, तितकं ओझं, तितका श्वास जास्त. मी एका मोठ्या बिघाडाचीच तयारी करतो.

अथांग
हे मान्य. दोन बिघाड एकत्र मीही धरत नाही. ऑक्सिजनची एक जादा टाकी दोघांत मिळून तोंडाशी ठेवली की नातूंचा प्रश्न सुटतो, आणि ती आत वाहून न्यावी लागत नाही. पण जोडीदाराचा गॅस जाणं हाच तो एक मोठा बिघाड आहे, झरेकरी. वरचे ३२०० लिटर त्या एकाच बिघाडात शून्यावर आले.

सेनोटचीताई, तीस मिनिटं धरून हिशोब पुन्हा केला. परतीला दीडपट वेळ, २४० च्या दराने: आत साधारण ११ मिनिटं, वळायचा आकडा १६४ बार. तुमचा सहावा हिस्सा १६७ ला येतो. आणि हो, माझा कोर्सही तुलुमलाच झाला.

झरेकरी
शून्याचा मुद्दा मी आजवर कागदावर मांडलाच नव्हता, कारण प्रवाहाने तो झाकला जातो. गिनीत मी १३३ लाच वळत राहीन. तुमच्याबरोबर तुलुमला उतरलो तर १६७ ला वळेन, त्यावर वाद घालणार नाही. फक्त एक सांगा: माझ्या टाक्या १२ च्या आणि जोडीदाराच्या १८ च्या असतील तर आकडा कुणाचा?

सेनोटची
मोठ्या टाक्यावाल्याने आपला हिस्सा तुमच्या लिटरांत मोजायचा. त्याने स्वतःचा सहावा हिस्सा, १२०० लिटर, खर्चून वळायचं ठरवलं आणि तुमचे ८०० च झाले असतील, तर तो तुमच्या हिश्श्याच्या ४०० लिटर पुढे गेलाय, आणि त्याला बाहेर आणायला तेवढा गॅस तुमच्याकडे नाही.