मदत हवी आहे : क्विल्टचे ब्लॉक जुळत नाहीयेत, बारसं तोंडावर आलंय

रामबागची_रेवा
नमस्कार मंडळी, जरा लवकर उत्तर द्या. भाचीसाठी क्विल्ट करायला घेतलंय, एक चांदणीचा ब्लॉक मग एक साधा चौकोन मग परत चांदणी अशी रचना आहे. पॅटर्न विकत घेतलेला आहे, फुकटातला नाही, आणि सगळं त्यात लिहिल्याप्रमाणेच केलंय तरी चांदणीचा ब्लॉक साध्यापेक्षा लहान येतो. ओढूनताणून शिवलं तर मधला चौकोन पापडासारखा फुगतो आणि चांदणीची टोकं शिवणीत गडप होतात. काय करू? यूट्यूबच्या लिंका देऊ नका, सगळ्या बघून झाल्यात, त्यात सगळ्यांचं बरोब्बरच येतं.

सुई_दोरा
फोटो टाका. फोटोशिवाय काय सांगणार कोणी.

कात्रीबाई
ब्लॉक किती इंचाचा, किती कमी येतोय, माया (शिवणीत जाणारी कड) किती धरली, मशीन कुठलं? लिहिल्याप्रमाणे केलं म्हणता पण काय लिहिलंय ते आम्हाला कुठे दिसतंय.

रामबागची_रेवा
फोटो चढत नाहीये, फाइल मोठी आहे म्हणतंय. बारा इंचाचा ब्लॉक. माया पाव इंच. मशीन साधंच आहे घरातलं.

माळवी_मिरची
कापड कुठलं ते लिहिलंच नाही. धुऊन घेतलं होतं का? न धुता कापलं आणि नंतर वाफेची इस्त्री मारली की कॉटन आटतं, मग एक ब्लॉक आटलेला नि एक नाही असा घोळ होतो. आणि बाग प्रिंट किंवा अजरख अशी ठशांची छपाई असेल तर आटण्यापेक्षा रंगाची भीती जास्त. ऑफव्हाइटच्या शेजारी तो लाल गेला ना की पहिल्याच धुण्यात सगळं गुलाबी. ओला पांढरा रुमाल कापडावर घासून बघायचा, रंग लागला तर परत धुवायचं, रुमाल कोरा निघेपर्यंत.

रामबागची_रेवा
बाग प्रिंटच आहे, लाल आणि काळं, सोबत ऑफव्हाइट. क्लॉथ मार्केटमधून आणलं. सगळं आधी धुतलंय हो, ते मला कळतं. प्रश्न मापाचा आहे.

आजीची_लेक
मला विचाराल तर हे ब्लॉकबिक सोडा. आमच्या आजीने जन्मात पॅटर्न बघितला नाही, दोन जुन्या नऊवारी लुगड्यांच्या घड्या, मधे चिंध्यांचे थर, कडेने सुरुवात करून धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत जायचं, झाली गोधडी. कुठे पाव इंच नि अर्धा इंच. बाळाला मऊ पाहिजे, चांदण्या मोजायला नको आहेत त्याला.

कात्रीबाई
ताई, गोधडीबद्दल आदर आहे पण त्यांनी चांदणीचा पॅटर्न घेतलाय आणि कापूनही झालाय. आता लुगडी कुठून आणायची त्यांनी?

आजीची_लेक
मी फक्त सांगितलं. हल्ली सगळं विकत घेऊनच करायचं असतं वाटतं.

अटलांटाची_अवंती
हाय रेवा, मी पण मूळची इंदूरची, लोकमान्य नगर! इकडे येऊन क्विल्टिंग शिकले. पॅटर्नमधे बारा इंच लिहिलंय ते तयार माप आहे की कापायचं? कारण बारा तयार म्हणजे शिवायच्या आधी साडेबारा असणार, चारही बाजूंनी पाव पाव इंच माया. चांगल्या पॅटर्नमधे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिलेले असतात. इकडच्या दुकानात कापड बेचाळीस चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं असतं आणि १८ बाय २२ इंचाचे तुकडे कापून ठेवलेले असतात त्याला फॅट क्वार्टर म्हणतात, एवढी व्हरायटी असते की काय सांगू. जेली रोल म्हणून अडीच अडीच इंची पट्ट्यांचा रोल मिळतो तो तर...

भिया_इंदौरी
ताई इंदूरच्या बाईला बारशाची घाई आहे, तुम्ही अटलांटाच्या दुकानात फिरवून राहिल्या 😄

रामबागची_रेवा
फक्त "१२ इंच ब्लॉक" एवढंच लिहिलंय. मग खाली कापायची यादी. साधा ब्लॉक साडेबाराचा चौकोन, चांदणीचा मधला चौकोन साडेसहा, चार कोपरे साडेतीन. त्रिकोणांपुढे माप नाही, "शेवटच्या पानावरचे टेम्प्लेट वापरा" असं आहे. मोठा एक, लहान एक. त्याच्यावर पण आकडा नाही, तुटक रेघही नाही, नुसता त्रिकोण.

कात्रीबाई
तुटक रेघ नाही म्हणजे माया आत धरली आहे की बाहेर हेच कळायला मार्ग नाही! असले पॅटर्न विकतात कसे लोक. टेम्प्लेट फेकून द्या. मोठा चौकोन सव्वासात इंचाचा, त्यावर लहान चौकोन ३ इंच ७ सूत (आठ सूत म्हणजे एक इंच), असे चार, तिरकी शिवण, मधून कापा, एका दमात चार तुकडे तयार होतात. रोटरी कटर आणि मॅट घ्या, पट्टी घ्या, आयुष्य सोपं होईल. मी तर कात्रीला हातच लावत नाही.

सुई_दोरा
नाव कात्रीबाई आणि कात्रीला हात लावत नाही 😂

निवृत्त_फिटर
मी शिवणकाम करत नाही, सौ. करते, तिने हा धागा दाखवला. मी पीथमपूरला टूलरूममध्ये होतो. एक विचारतो, ते त्रिकोणाचं पान कागदावर आलं कसं? पॅटर्न छापील आला की फाइल आली?

रामबागची_रेवा
काका फाइल आली, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली. पण त्याचा काय संबंध, प्रिंट अगदी स्वच्छ आलीये.

निवृत्त_फिटर
स्वच्छ वेगळं आणि मापात वेगळं. पानावर एक इंचाचा चौकोन छापलेला आहे का, तपासायचा?

रामबागची_रेवा
नाही. असा काही चौकोन नाहीये.

सुई_दोरा
माझ्या मते हा मशीनच्या पायाचा, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरतो त्याचा, प्रॉब्लेम आहे. साध्या पायाची कड सुईपासून बरोब्बर पाव इंच असेलच असं नाही, पुष्कळ मशीनवर जास्त भरते. कडेला कड लावून शिवत गेलात की दर शिवणीत थोडं थोडं खाल्लं जातं. पाव इंची वेगळा पाय मिळतो तो लावा. नाहीतर सुईपासून दोन सूत मोजून मशीनवर चिकटपट्टी लावा, फुकटात काम.

निवृत्त_फिटर
तेही असू शकतं पण तसं असतं तर टोकं एवढी जाऊन चौकोन फुगला नसता, सगळंच सारखं लहान झालं असतं. इथे पट्टीने मोजून कापलेलं मोठं आहे आणि कागदावरून कापलेलं लहान आहे. बाई, एक करा. पट्टी घ्या, टेप नको, टेप ताणला जातो. लहान त्रिकोणाची काटकोनातली बाजू मोजा. मोठ्याची सगळ्यात लांब बाजू मोजा. कागदावरची, कापडावरची नको.

माळवी_मिरची
कापडावरची का नको?

निवृत्त_फिटर
सौ. म्हणते तिरकी बाजू उरेब म्हणजे विणीला तिरपी असते, हाताळताना ताणते.

रामबागची_रेवा
मोजलं. लहान ३ इंच ६ सूत. मोठा ७ इंचाला जेमतेम.

निवृत्त_फिटर
मग सापडलं. कात्रीबाईंनी वर जे आकडे दिलेत तेच यायला हवे होते, ३ इंच ७ सूत आणि ७ इंच २ सूत. हिशोब असा. चांदणीच्या बाजूचा तुकडा, एक मोठा आणि दोन लहान त्रिकोण मिळून, तयार म्हणजे शिवून झाल्यावर ३ बाय ६ हवा. लहान त्रिकोणाला तयार मापात ७ सूत मिळवायचे, मोठ्याच्या लांब बाजूला सव्वा इंच. तुमच्याकडे दोन्ही त्रिकोण शेकडा ३ ने लहान आहेत, सारख्याच प्रमाणात. याचा अर्थ आकृती बरोबर होती, माया पण आत धरलेली होती, छापताना आक्रसली. फाइल अमेरिकन कागदाची असणार, तो साडेआठ बाय अकरा म्हणजे २१६ मिलिमीटर रुंद, आपला ए-फोर २१० रुंद. दुकानदार पानात बसवा असं दाबून मोकळा होतो, मग २१६ चं २१० होतं. भागून बघा, ९७ टक्के येतं.

अटलांटाची_अवंती
ओह माय गॉड हो! इकडे प्रत्येक पॅटर्नवर लिहिलेलं असतं की शंभर टक्क्यावर प्रिंट करा, फिट करू नका. मी इकडेच प्रिंट काढते त्यामुळे डोक्यातच आलं नाही.

भिया_इंदौरी
काका जबरदस्त. झेरॉक्सवाल्याने चांदणी खाल्ली.

रामबागची_रेवा
मग पॅटर्नवर लिहायला नको का हे? पैसे घेतात ना? विकणाऱ्या बाईंना कालच मेल केला होता, उत्तर आलं की टेम्प्लेट बरोबर आहेत, बाकी कोणाची तक्रार नाही. एक ओळ लिहायला काय जात होतं.

निवृत्त_फिटर
आमच्याकडे ड्रॉइंगवर स्केल आणि माप नसलं तर जॉब मशीनला लावायचाच नाही असा शिरस्ता होता. परत पाठवायचं. आकृती सुंदर असली म्हणून काम होत नाही.

कात्रीबाई
म्हणून म्हणते टेम्प्लेट फेका. मापं लिहिलेली असली की प्रिंटर काय वाट्टेल ते करो. नव्याने कापा, सव्वासातच्या चौकोनाने.

रामबागची_रेवा
नव्याने कशातून कापू? लाल प्रिंट संपलाय, उरलेत ते वीतभर तुकडे. क्लॉथ मार्केटच्या दुकानदाराला फोन केला तर म्हणे तो ठसा आता नाही, दुसरा लाल दाखवतो. दुसरा लाल शेजारी ठेवला की सरळ वेगळा दिसतो.

माळवी_मिरची
हो बागचा लाल दर घाण्याला थोडा बदलतोच, पाण्यावर असतं सगळं. धारकडे जाणं झालं तर थेट छापणाऱ्यांकडून घ्या, सरळ तागाच घ्या एकदम. आम्ही मांडवला गेलो होतो तेव्हा तिकडून तसेच...

शेंगदाणा_चटणी
विषय वेगळा आहे पण सांगते, एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी जाड पांघरूण, उशी, काही नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, तोंडावर आलं तर श्वास कोंडतो. क्विल्ट खाली जमिनीवर अंथरून जागेपणी खेळायला वापरा. आणि आत पॉलिएस्टर घालू नका, कापसाचंच घाला.

आजीची_लेक
आमच्याकडे सगळी पोरं गोधडीतच वाढली, काही झालं नाही कोणाला.

शेंगदाणा_चटणी
ज्यांना काही झालं त्यांची गोष्ट सांगायला कोण येतं ताई.

सुई_दोरा
पॉलिएस्टरला काय झालं? हलकं असतं, धुतल्यावर लवकर वाळतं. पिंजारी कापूस भरून देतो तो धुतला की गोळे होतात, मग दर बोटभर अंतरावर टाके घालत बसा.

शेंगदाणा_चटणी
पिंजलेला सुटा नाही म्हणत मी, कापसाचा तयार थर मिळतो तो.

रामबागची_रेवा
आत काय घालायचं ते ठरलेलं आहे, आणलेलं आहे!! कृपा करून कोणीतरी सांगा की कापलेले त्रिकोण वाया न घालवता हे होईल का.

निवृत्त_फिटर
होईल. त्रिकोण लहान आहेत तर बाकीचं त्यांच्या मापात आणा. लहान त्रिकोण ३ इंच ६ सूत, त्यातून ७ सूत वजा, तयार उंची २ इंच ७ सूत. मोठा ७ इंच, सव्वा इंच वजा, तयार लांबी पावणेसहा. दुप्पट बरोबर जमते. म्हणजे मधला चौकोन पावणेसहा अधिक अर्धा इंच माया, सव्वासहा कापा. कोपरे ३ इंच ३ सूत. ब्लॉक तयार साडेअकरा, शिवायच्या आधी बारा. साधे ब्लॉक साडेबाराचे आहेत ते बाराचे करा. सगळं कापून लहानच करायचं आहे, नवीन कापड कुठेच लागत नाही. एकूण ब्लॉक किती?

रामबागची_रेवा
आडवे ३ उभे ४. सहा चांदण्या सहा साधे. पण चांदण्या शिवून झाल्यात, उसवायच्या म्हणजे.

निवृत्त_फिटर
उसवाव्या लागतील. ३६ बाय ४८ चं साडेचौतीस बाय ४६ होईल.

अटलांटाची_अवंती
रेवा, उसवताना दर तिसरा चौथा टाका कापायचा आणि उलट बाजूचा दोरा ओढायचा, सरसर निघतो. आणि इस्त्री घासू नकोस, उचलून ठेव, उचलून ठेव. चौकोन आधी कागदावर सव्वासहाचा करून मधोमध ठेवून चारी बाजूंनी सारखा काप, एकाच बाजूने कापलास तर प्रिंटमधलं फूल सरकेल.

कात्रीबाई
साडेअकराचा ब्लॉक म्हणजे पुढे त्याच पॅटर्नचं दुसरं काही करायचं झालं की परत सगळा हिशोब.

निवृत्त_फिटर
पुढचं पुढे. आत्ता बारसं आहे.

नवीन_सदस्य_उज्जैन
नमस्कार. शिलाई मशीनचा पट्टा घसरतो आहे, इंदूरात कुठे मिळेल?

भिया_इंदौरी
नवीन धागा काढा भाऊ. (राजवाड्याच्या आजूबाजूला विचारा.)

रामबागची_रेवा
एक चांदणी उसवून केली. पट्टी लावली, बारा म्हणजे बारा, चारी बाजूंनी. आठही टोकं दिसतायत आणि टोकाच्या बाहेर दोन सूत कापड शिल्लक आहे. चौकोन सपाट. काका तुम्हाला आणि वहिनींना दंडवत. बाकीच्या आज रात्री बसून करते. आता गोट, म्हणजे कडेने लावायची पट्टी. पॅटर्नमधे "गोटासाठी पुरेसं कापड" असं लिहिलंय, पुरेसं म्हणजे किती ते देव जाणे. लाल तर नाहीच, काळं किती आणू?

कात्रीबाई
हे मी सांगते, काकांना बसू द्या. साडेचौतीस आणि ४६ ची बेरीज दुप्पट, १६१ इंच घेर. कोपरे आणि जोड यांचे दहा धरा, १७१. चव्वेचाळीस पन्ह्यातून किनार सोडून ४२ मिळतात, चार पट्ट्यांचे १६८ होतात, तीन कमी पडतात, म्हणून पाच पट्ट्या. अडीच इंची कापा, दुमडून दुहेरी लावायची, जोड तिरके घाला म्हणजे एका जागी जाड होत नाही. पाच गुणिले अडीच साडेबारा इंच. अर्धा मीटर काळं आणा, उरेल थोडं. आणि आणल्यावर आधी धुवा.