मृत्यूच्या नोंदीपासून सुरुवात करा
तुमच्या जावयाच्या पणजोबांची धाकटी बहीण स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातच राहिली आणि तिची आजची पिढी कशी शोधायची, असं तुम्ही विचारलंय. जन्माच्या नोंदी चाळण्याआधी तिच्या मृत्यूची नोंद काढा, असं मी आग्रहाने सांगेन. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून सरकारी नोंदणी सक्तीची आहे आणि ती फार तपशिलात केलेली असते. मृत्यूच्या नोंदीत आई-वडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनाव असतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका रकान्यात मृत्यूची माहिती देणाऱ्याची सही, नातं आणि बहुतेकदा पत्ताही असतो. तिथे 'जावई' किंवा 'नात' असं दिसलं की पुढच्या पिढीचं आडनाव आयतंच हाती लागतं. मुलींच्या बाजूने खाली उतरताना हाच रकाना तारून नेतो.

'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी नोंदींच्या संकेतस्थळावर जन्माच्या नोंदी १०० वर्षांनी, लग्नाच्या ७५ आणि मृत्यूच्या ५० वर्षांनी पाहायला खुल्या होतात. त्याहून अलीकडच्या नोंदींची सूची मात्र दिसते, आणि प्रमाणित उतारा पैसे भरून मागवता येतो. कुणी एडिनबरोला जाणार असेल तर तिथल्या 'स्कॉटलंड्स पीपल' केंद्रात बसून अलीकडच्या नोंदीही बघता येतात. हे मला फारच मोलाचं वाटतं.

हयात माणसापर्यंत पोचलात की आधी साधं पत्र पाठवा, वंशवृक्ष नंतर. आणि त्यांची नावं कृपया इथे टाकू नका. त्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचं साल माहीत आहे का?