चेहऱ्यावरचे डाग आठ महिने जात नाहीत, वर चुरचुरतात. कशाचे असतील?

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यात राहते, वय 43. घरून चपात्या-पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेते, म्हणजे सकाळचे तीन-चार तास तव्यासमोर. नंतर स्कूटरवरून पोचवायच्या, त्या भर उन्हात.

गेल्या चवथीच्या आसपास गालांवर आणि नाकाच्या बाजूला डाग उठायला लागले. आता सात-आठ आहेत. मुगाच्या दाण्याएवढ्यापासून रुपयाच्या नाण्याएवढे. एरवी तपकिरी दिसतात, तव्यासमोरून उठले की तांबडेलाल. खाज फारशी नाही, पण टॉवेल घासला किंवा घाम ओघळला की चुरचुरतं. दोन डाग बोटाला पॉलिशपेपरसारखे खरखरीत लागतात, बाकीचे गुळगुळीत. पू नाही, काळ्या टोकाची पुटकुळी एकही नाही. पूर्वी थोडा वांग होता कपाळावर, पण वांग कधी दुखला नाही.

उपाय म्हणाल तर चंदन-हळदीचा लेप (आग झाली), लिंबाचा रस (जास्त आग झाली), साबण तीनदा बदलला. शेवटी फार्मसीतून एक ट्यूब आणली. चार दिवसांत चेहरा असा लखलखीत की नवऱ्याने विचारलं, पार्लरला गेलीस काय! थांबवली की आठवड्यात डाग परत, आधीपेक्षा दुप्पट. सध्या तिसरी ट्यूब चालू आहे.

सासूबाई म्हणतात काजूचा चीक बाधला, आमची थोडी बाग आहे. नवरा म्हणतो लिव्हर. शेजारीण म्हणते अंगातली उष्णता. कुणाला असं झालं होतं का? कोणत्या तपासण्या करू?

—

डिचोलीचा बाबू:
काजूचं ऐकून राहवलं नाही, आमचं घरच काजूवर चालतं. बियांच्या टरफलातलं तेल बिब्ब्यासारखंच. कातडीला लागलं की एक-दोन दिवसांत फोड येतात, साल निघते आणि दोन-तीन आठवड्यांत निभतं. मागे काळा डाग राहतो, पण तो चुरचुरत बसत नाही. आणि वहिनी, चवथीत काजू कुठले? काजू मार्चपासून. तेव्हा सासूबाईंना सांगा, बाग निर्दोष आहे. आंब्याचा चीकही त्याच कुळातला, तोही चवथीत नसतो.
लिंबू मात्र आजच बंद करा. कातडीवर लिंबाचा रस आणि वर ऊन पडलं की भाजल्यासारखं होतं आणि काळे चट्टे महिनोन्महिने राहतात. हुर्राकात (काजूच्या दारूत) लिंबू पिळून उन्हात बसणाऱ्यांचे हात बघा एकदा.

—

कडुलिंब:
ताई, ती ट्यूब हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही आहे का, एवढंच सांगा.

—

धागाकर्ती:
अक्षरं मुंगीएवढी, मुलाने फोनवर फोटो मोठा करून वाचली. क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनॅझोल. म्हणजे काय?

—

कडुलिंब:
पहिलं नाव म्हणजे बाहेरून लावायच्या स्टिरॉइडमधलं सगळ्यात जहाल. दुसरं जंतूंवरचं, तिसरं गजकर्णावरचं. क्लोबेटासोल सोरायसिससारख्या जाड चट्ट्यांवर थोडे दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली लावायचं असतं. गालावर नाही. सूज आणि लाली ते झटकन दाबतं म्हणून चेहरा लखलखतो. महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, कधी लव वाढते, ऊन आणि शेगडीची धग सोसत नाही. आणि थांबवलं की दाबलेली लाली उसळून वर येते. तुम्ही लिहिलंय ते "परत, दुप्पट" म्हणजे हेच. मग माणूस परत ट्यूब उघडतो.
आपल्याकडे हा प्रकार इतका बोकाळला की 2018 मध्ये केंद्र सरकारने असे 14 स्टिरॉइड चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी मिळतात, ते तुम्ही बघताच आहात. मात्र आता रागाच्या भरात ट्यूब केरात टाकू नका. एवढ्या महिन्यांनंतर कशी सोडायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

—

निवृत्त सिस्टर:
वरच्यांशी सहमत, पण ट्यूबच्या आधी डाग आले कशाने हा प्रश्न राहतोच. धग, ऊन, घाम यांनी लाल होणं आणि काळ्या टोकाची पुटकुळी नसणं, यावरून रोझेशियाची, म्हणजे चेहरा वरचेवर लाल होण्याच्या त्वचारोगाची, शंका येते. गोऱ्या लोकांचा आजार म्हणून आपल्याकडे तो चुकतो, कारण सावळ्या गालावर लाली तपकिरीच दिसते. तिखट आणि गरम चहानेही भडकतो का, ते बघा. भुवयांत आणि नाकाच्या कडांना तेलकट कोंडा असेल तर गोष्ट वेगळी, तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस. तोंडाभोवती बारीक पुरळ आणि ओठांलगत मात्र कोरी कड राहिली असेल तर तेही बऱ्याचदा स्टिरॉइड क्रीममुळेच.
ते दोन खरखरीत डाग मात्र वेगळे दाखवा. उन्हाने खरबरीत झालेल्या कातडीचे डाग असू शकतात, आपल्या रंगात कमी आढळतात. ल्युपसचाही, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराचाही, विचार करतात. केस गळणं, सांधे दुखणं, तोंडात फोड, बारीक ताप यातलं काही असेल तर नक्की सांगा, मग त्यासाठी रक्ताची एएनए तपासणी होते. आणि कुठला डाग बधिर लागतो का, कापसाच्या बोळ्याने बघा, कुष्ठरोगाचा डाग बधिर असू शकतो. तुमचे तर उलट चुरचुरतात, पण बघायला पैसे पडत नाहीत.
बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) त्वचारोग ओपीडी आहे. जाताना ट्यूब न्या, आणि तव्यावरून उठल्या उठल्या काढलेला फोटो न्या. दवाखान्याच्या गारव्यात चेहरा शहाण्यासारखा वागतो.

—

धागाकर्ती:
जाऊन आले. फोटो दाखवला तो बरं केलं, खरंच तिथे पोचेपर्यंत गाल निवले होते. डॉक्टरांनी पहिल्यांदा ट्यूबच मागितली आणि बघून नुसता सुस्कारा टाकला. मूळ रोझेशिया, त्यावर स्टिरॉइडची करामत, असं म्हणाल्या. ट्यूब एकदम बंद नाही, आधी सौम्य क्रीमवर आणून मग सोडायची. मेट्रोनिडाझोलचं जेल आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्यात. पहिले काही आठवडे जास्त लाल होईल, घाबरून मागे फिरू नका, हे दोनदा सांगितलं. खरखरीत डाग भिंग लावून बघितले. सहा आठवड्यांत निवळले नाहीत तर तुकडा काढून तपासणार आहेत. बधिर एकही नाही, सांधेही ठीक.
आज नववा दिवस. चेहरा बिमल्यासारखा (बिलिंबीच्या फळासारखा) आंबट नाही, पण रंग पिकलेल्या कोकमाचा झालाय. तव्याशेजारी टेबलफॅन लावला तर शेगडीची ज्योत विझते, म्हणून पोळ्या आता पहाटे पाचला लाटते.
आता एकच विचारायचं आहे. झिंकवालं सनस्क्रीन लावायला सांगितलंय, पण घामाबरोबर ते डोळ्यांत उतरतं आणि हेल्मेटच्या कडेला पांढरं ओघळतं. स्कूटरवर फिरणाऱ्या बायका काय करतात? रुमाल बांधला तर तो गालावर घासतो.