जुन्या ठिबक नळ्यांसाठी स्क्रूवर कोणता थर?

भाऊ, तुम्ही विचारलं की पीव्हीसी पाइप आणि जुन्या ठिबक नळ्या वितळवून केलेला दाणा, दोन्हीला एक्सट्रूडरचा (प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्राचा) एकच हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमचा कडक मुलामा दिलेला, स्क्रू चालेल का. माझं मत, नको. दोन्हीकडे झीज होते, पण कारणं वेगळी.

आमच्याकडे मोर्शी-वरूडच्या संत्राबागांतून नळ्या येतात. कितीही धुवा, आत मातीची बारीक कच राहतेच. ती आधी फ्लाइटचा, म्हणजे स्क्रूच्या आट्याचा, माथा खाते. क्रोमचा थर मिलिमीटरच्या काही शतांशांइतका, तिथे किती टिकणार? नायट्रायडिंगचा, म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून आणलेला, कडकपणाही साधारण अर्धा मिलिमीटर खोलीच्या आतच संपतो. तेवढं झिजलं की पुढची झीज झपाट्याने होते. म्हणून माथ्यावर निकेल मिश्रधातूचं हार्डफेसिंग (वितळवून चढवलेला कडक थर) करून घ्या, त्यात टंगस्टन कार्बाइड असेल तर उत्तमच. स्क्रू नवा असतानाच करा, मागाहून खर्च वाढतो.

पीव्हीसीचं दुखणं आम्लाचं. माल जास्त तापला की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो, आणि क्रोमला बारीक भेगा असतातच. त्यातून आम्ल खालच्या पोलादापर्यंत पोचतं, मग क्रोमचे पापुद्रे निघतात. पीव्हीसी भरलेला स्क्रू कधीही तसाच थंड होऊ देऊ नका. लाइट गेली तर आधी तो साफ करायची सोय हवीच, आपल्याकडचं भारनियमन तुम्हाला सांगायला नको.

आणि बॅरल, म्हणजे स्क्रू ज्यात फिरतो ती नळी, विसरू नका. स्क्रू कडक करून बॅरल साधंच ठेवलं, तर बॅरल झिजेल, आणि ते दुरुस्त करणं जास्त कठीण. बायमेटॅलिक बॅरल (आतून कडक मिश्रधातूचं अस्तर असलेलं) परवडत असेल तर आधी तेच घ्या.