जिभेखालचा फुगा : कुणाला अनुभव आहे का?

दारव्ह्याजवळच्या गावातून लिहिते आहे. नऊ वर्षांच्या लेकीच्या जिभेखाली महिनाभरापासून निळसर, पाणीदार फुगा आहे. दुखत नाही, पण 'ळ' म्हणताना जीभ अडते. डॉक्टरांनी कागदावर 'रॅन्युला' लिहिलं. बेडकाच्या लॅटिन नावावरून म्हणे. ऑपरेशन सांगितलंय. ज्यांनी भोगलंय त्यांनी बारीकसारीक लिहा.

— ताई, मले झाला होता. मी खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणारा, त्यात जिभेखाली गाठ. घरात कोणी कॅन्सरचं नाव काढे ना. कापूस वेचणीचे दिवस, म्हणून महिना तसाच काढला. एक दिवस कडक भाकर लागून फुटला. अंड्याच्या पांढऱ्यावानी चिकट, तार सुटणारं पाणी! वाटलं, सुटलो. पंधरा दिवसांत पुन्हा तेवढाच. संक्रांतीले एका डॉक्टरनं चीर देऊन कडा शिवल्या, होळीले पुन्हा हजर. नागपूरले समजलं: लाळेची नळी तुंबून फाटली की लाळ आजूबाजूच्या मांसात झिरपते. ग्रंथी तशीच ठेवून नुसती विहीर उपसून काय होते, झरा चालूच! शेवटी पूर्ण भूल देऊन जिभेखालची ग्रंथीच काढली. जिभेची एक बाजू दोन महिने बधिर होती, चहा पोळला तरी समजे ना. ३ वर्षं झाली, परत आला नाही. खर्रा? तो नाही सुटला राजेहो, खोटं काहून बोलू.

— आमच्या सासूबाईंचं वेगळंच निघालं. जेवायला बसल्या की जबड्याखाली लिंबाएवढं सुजायचं, तासाभरात उतरायचं. आंबाडीची भाजी असली की जास्तच. नळीत खडा होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. तोंडातूनच काढला. त्यांनी तो कुंकवाच्या डबीत जपून ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

— माझ्या भावाच्या तोंडात काहीच नव्हतं, गाठ मानेला. गावानं गंडमाळ ठरवून टाकली. एमआरआयमध्ये कळलं, लाळ जिभेखालच्या स्नायूतून मानेत उतरली होती.

— सुईनं टोचू नका, एवढंच. आमच्या आजीनं बाभळीचा काटा लावला होता. पू झाला.

— पुतण्याला जन्मतःच होता. डॉक्टर थांबले, पाचव्या महिन्यात आपोआप गेला. पण तुमची लेक मोठी आहे, दाखवून घ्याच.

सगळ्यांचे आभार. सोमवारी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जातोय. ग्रंथी काढणार की नुसती चीर देणार, हे आधी विचारते. पोरीला बेडकाचं सांगायला नको होतं. काल झोपताना म्हणाली, आई, पाऊस आला की हा ओरडेल का?