मार्केट यार्डाजवळच्या चहाच्या टपरीची वेगळी ओळख कशी निर्माण करावी?

यार्डकर (प्रश्न):
नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ माझी चहाची टपरी आहे. अलीकडे आसपास साखळी दुकाने सुरू झाली असून त्यांच्याकडे चकचकीत पाट्या आणि गुळाच्या चहाची मोठी जाहिरात आहे. दर मात्र माझ्याइतकेच आहेत. हळदीच्या आणि बेदाण्याच्या सौद्यांच्या वेळी गर्दी असते, दुपारनंतर मात्र गिऱ्हाईक तुरळक होते. फारसे भांडवल न घालता काय करता येईल? मीही गुळाचा चहा सुरू करावा काय?

किटली:
पाटीच्या आधी चवीकडे पाहा, असे मी आग्रहाने सांगेन. पुण्यातील जुन्या अमृततुल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाईक टिकवले, ते पितळी पातेल्यात डोळ्यांसमोर उकळणाऱ्या, वेलदोडा आणि आले घातलेल्या चहाच्या ठरलेल्या चवीवर. टपरीवर बिघडते ते इथेच: एकच पातेले तासन्‌तास आचेवर राहिले की चहा कडवट होतो आणि मग तो कडूपणा झाकण्यासाठी साखर वाढवली जाते. दूध, पाणी, पावडर आणि साखर यांची मापे ठरवा, आणि गर्दी ओसरली की लहान पातेल्यात थोडाथोडा ताजा चहा करा. आले कुटण्याचा खलबत्ता गिऱ्हाइकाला दिसेल असा पुढे ठेवा; कुटलेल्या आल्याच्या वासाने जाणारा माणूस थांबतो.

गुळाचा चहा करायचाच असेल, तर दूध घालून उकळी आल्यावर आच बंद करूनच गूळ घाला आणि पुन्हा उकळू नका, नाहीतर चहा फाटतो. केवळ समोरच्याने सुरू केला म्हणून तो करू नये, असे माझे मत आहे.

अडतपेढी:
मी यार्डातल्याच एका अडतपेढीत, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या दुकानात, काम करतो. दुपारी गिऱ्हाईक नसते असे आपण म्हणता, पण ते यार्डाच्या आत बसलेले असते. सौदे आटोपल्यावर दिवाणजी (पेढीचे हिशेबनीस) शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या, तयार करत असतात, शेतकरी पैशांची वाट पाहत थांबलेले असतात, आणि पेढी सोडून चहाला बाहेर जाणे कोणालाच जमत नाही. साखळी दुकाने गिऱ्हाईक दारात येण्याची वाट पाहतात. आपण ठरलेल्या वेळी किटली घेऊन पेढ्यांवर फिरलात, तर ही सगळी मागणी आपली होईल. प्रत्येक पेढीत आपला फोन क्रमांक छापलेले कार्ड लावा. चहाची नोंद पेढीवरच्या छोट्या वहीत लगेच करून सही घ्या आणि हिशेब आठवड्याला मिटवा, कारण महिनाभर साचलेल्या उधारीवरून वाद होतात. हमालांकडे दुर्लक्ष करू नका. बाहेरगावच्या गाडीवाल्यांना चहा कुठे चांगला मिळतो, हे तेच सांगतात.

यार्डकर:
पट्ट्यांच्या वेळेचा मी विचारच केला नव्हता, मनापासून आभार. परंतु शेवटच्या पेढीपर्यंत चहा निवला तर नाव खराब होईल. शिवाय पेले कोणते वापरावेत?

किटली:
किटलीऐवजी तोटीचा स्टीलचा थर्मास घ्या आणि चहा भरण्यापूर्वी तो उकळत्या पाण्याने विसळून घ्या, म्हणजे चहा बराच वेळ गरम राहतो. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या पेल्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. पेढ्यांसाठी तारेच्या स्टँडमधले काचेचे ग्लास उत्तम; मात्र पुढच्या फेरीला मागचे ग्लास उचलून आणायचे आणि गरम पाण्याने धुवायचे काम एकाच माणसाकडे सोपवा.